वाचक विचारतात: जुनी फोर बाय फोर घरच्या घरी कशी उभी करायची?

प्रश्न: काका, आमच्याकडे बाबांची महिंद्रा एमएम ५४० आहे, फोर व्हील ड्राइव्हवाली, बरीच वर्षं पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली. चालू होते, पण ब्रेक लांब लागतो, स्टिअरिंगला खूप प्ले (चाक न वळता होणारी मोकळी हालचाल) आहे आणि हेडलाइट नुसते मिणमिणतात. वेल्ह्याला शेत आहे, पावसाळ्यात तिथपर्यंत नेता आली तरी पुरे. मित्र म्हणतात आधी लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि मोठे टायर टाक. पैसे दर महिन्याला थोडेच निघतात आणि काम सुट्टीच्या दिवशी घरीच करणार. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, धायरी)

उत्तर: ब्रेकपासून. लिफ्ट किट, मोठे टायर, विंच हे सगळं वर्षभर बाजूला ठेवा, आणि मित्रांनाही तसंच सांगा. या गाडीत कंपनीने जे दिलंय ते आधी पूर्ण चालतं करायचं, एका वेळी एकच काम उघडायचं आणि ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मी पुण्यात अशा कितीतरी जीप बघितल्यात ज्या चारी बाजूंनी एकदम उघडल्या आणि मग भंगारातच गेल्या, फार वाईट वाटतं.

चाक काढायच्या आधी एक गोष्ट नीट वाचा. जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, दोन चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) घ्या आणि उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडाची उटी (पाचर) लावा. आणि तुमच्या जीपला हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागच्या तोंडाशी असेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट (तिथून ॲक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) सोडल्या क्षणी हँडब्रेकही गेला आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी झाली, उतारावर ती सरळ निघते. धायरीत सपाट पार्किंग कुठंय हे मला माहितीये, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता चाकातला ब्रेकचा ड्रम उघडा. आतली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. आत ओल दिसली तर बोटाला लावून बघा. पातळ असेल आणि पाण्याने धुतली गेली तर तो ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. जाड, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास आला तर तो गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं ऑइल सील गेलंय, आणि तिथे नवीन लायनर टाकून काही उपयोग नाही, महिन्याभरात तेही भिजणार. सील बदलताना ॲक्सलवरचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) काढून साफ करा, तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती सीलमधूनच तेल ढकलते. नवं सील लगेच का गेलं याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं. सिलिंडरचे रबर, होज पाइप सगळं नवीन घ्या, नाना पेठेत जुना पार्ट हातात घेऊन जा म्हणजे मापाचा घोळ होत नाही. जुन्या बाजारात पाने-हातोड्या जरूर बघा, ब्रेकचं सामान मात्र तिथून आणू नका.

नंतर स्टिअरिंग. एकाला स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही पुढून एकेक टाय रॉड एंडवर (चाकाकडे जाणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) हात ठेवून बघा, कुठे हालचाल वाया जातेय ते हाताला कळतं. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, तिथे खटखट आली तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) बेअरिंग. स्टिअरिंग बॉक्स बदलायचा विचार सगळ्यात शेवटी. स्टिअरिंगच्या कुठल्याही पार्टला घरी वेल्डिंग करायचं नाही, कितीही छोटी चीर असली तरी पार्ट बदलायचा.

हेडलाइटचं काम स्वस्त आणि पहिल्याच रात्री फरक दाखवणारं. लाइट चालू ठेवून मीटरने बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनवर व्होल्टेज मोजा, एक-दीड व्होल्टचा फरक आला तर तो जुन्या स्विचमध्ये आणि वायरीत जिरतोय. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे हाय बीमला १० अँपिअर, एवढं सगळं त्या दमलेल्या स्विचमधून कशाला न्यायचं? लो आणि हाय बीमला एकेक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाका: त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूज घालून जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८५ अर्थ, ८६ ला स्विचकडून आलेली जुनी वायर. अर्थची वायर चासीवर रंग खरवडून घट्ट बसवा.

इंजिनाला घाबरू नका. २११२ सीसीचं ते प्यूजो डिझेल चिवट आहे. सकाळी चालू व्हायला कुरकुरलं तर आधी हीटर प्लग तपासा, रेडिएटर साफ करून घ्या आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर परत बसवा, थंड इंजिन डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

उंचीचं म्हणाल तर तुमचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेले असणार, पाटेवाल्याकडून कमान भरून घ्या, बुश आणि शॅकल नवीन टाका, मूळची उंची तिथेच परत मिळेल. लिफ्टने प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर जातात, ब्रेकचे होज ताणले जातात. टायरचंही तसंच, २१५/७५ आर १५ वरून २३५/७५ वर गेलात तर व्यास साधारण ३० मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर ४ टक्क्यांनी कमी दाखवतो, आणि पाबे घाटात गिअर आधीच खाली टाकावा लागतो. वेल्ह्याच्या चिखलाला मूळ मापाचे चांगल्या नक्षीचे टायर पुरतात. एवढं झाल्यावर पैसे उरले तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर, दोन्ही जाणकार गॅरेजमधून.

प्रश्न: गाडीला १५ वर्षं होऊन गेली, इंजिन आणि बॉडी बदलली तर आरटीओत अडचण येईल का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: येईल, न विचारता केलंत तर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद. १५ वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन ५-५ वर्षांसाठी वाढतं, तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. कागद जिवंत असेपर्यंतच खर्च करा, आधी आरसीची तारीख बघा.

प्रश्न: ताम्हिणीहून येताना फोर व्हील टाकली, घरी आल्यावर लिव्हर निघेचना. गिअर तुटला का? (एक वाचक, बावधन)

उत्तर: नाही हो, घाबरू नका. या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल (दोन शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतं, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. वळणावर मात्र पुढची चाकं जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशोब जुळवतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, क्लच दाबून लिव्हर ओढा, सुटेल. लिव्हरवर हातोडा मारू नका. पुढे फ्री व्हील हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर लिव्हर सुटल्यावर दोन्ही डायल फ्रीवर आणा, एक लॉक आणि एक फ्री असं राहू देऊ नका. आणि वाटेत ओढ्यातून गाडी घातली असेल तर दोन्ही ॲक्सलचे प्लग उघडून तेल बघा, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात बदलून टाका.