पगारातला फरक कळल्यानंतर

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार स्त्रियांपैकी अनेकींची एक तक्रार सारखी असते, आणि ती पहिल्या भेटीत क्वचितच बाहेर येते. झोप लागत नाही, पित्त वाढले आहे, घरात विनाकारण चिडचिड होते, अशी सुरुवात होते. मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत समजते की आपल्याइतकेच, आपल्यासारखेच काम करणाऱ्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याचा पगार आपल्यापेक्षा बराच जास्त आहे, हे त्यांना नुकतेच कळले आहे. त्यापुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : विचारावे की गप्प बसावे, आणि विचारले तर आपण लोभी ठरणार नाही ना? या प्रश्नाला मी ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देत नाही. मेधाताईंच्या बाबतीत तो कसा सुटत गेला, तेवढे सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मेधाताई चाळिशीच्या आसपासच्या, बडोद्यातच वाढलेल्या, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. शहराबाहेरच्या एका औषधनिर्मिती कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत त्या नोकरी करतात. तीन वर्षांपूर्वी त्याच पदावर एक तरुण सहकारी रुजू झाला, आणि तिथली यंत्रे, तिथल्या नोंदींची पद्धत त्याला मेधाताईंनीच शिकवली. एके दिवशी तो गृहकर्जाचा अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला, ‘बेन, जरा बघून द्या, काही राहिलं तर नाही ना,’ असे म्हणाला, आणि अर्जाला जोडलेली पगाराची पावती त्यांच्या समोर आली. त्याचा पगार 50,000 रुपये होता. त्यांचा स्वतःचा 36,000.

‘मला त्याचा राग येत नाही, मॅडम. तो बिचारा काय करणार? मला माझाच राग येतो,’ असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलेली गोष्ट मला पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटली. त्या दिवसापासून त्या आपले अहवाल दोन-दोनदा, तीन-तीनदा तपासू लागल्या होत्या. इतकी वर्षे ज्या कामावर त्यांचा हात बसला होता, त्याच कामात आपली कुठेतरी चूक होत असणार, असे त्यांना वाटू लागले होते. ‘कंपनीने काहीतरी बघूनच ठरवलं असेल ना?’ हे त्यांचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले, कारण अशा बहुतेक जणींचा खरा त्रास याच वाक्यात असतो. जिथे आपण आयुष्याची इतकी वर्षे घालवली ती जागा आपल्याशी नीट वागलेली नाही, हे मान्य करण्यापेक्षा आपणच कमी पडलो असे मानणे मनाला सोपे जाते. त्यात निदान ‘आणखी मेहनत केली की सगळे ठीक होईल’ अशी आशा शिल्लक राहते. म्हणून कमी पगार मिळणारी बाई पुष्कळदा कामातून अंग काढून न घेता अधिकच राबू लागते, आणि ते राबणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढच्या भेटीत मी भावनांबद्दल फारसे बोललेच नाही. नोकरी लागल्यापासूनचा पगाराचा इतिहास मी त्यांना कागदावर लिहायला सांगितला. त्यातून जे निघाले ते असे. मुलगी झाल्यावर त्यांनी आधीची नोकरी सोडली होती आणि दोन वर्षांनी या कारखान्यात मुलाखत दिली. त्या वेळी या पदावर साधारण 26,000 रुपयांनी माणसे घेतली जात होती. मेधाताईंना मात्र, मध्ये खंड पडला आहे म्हणून, 18,000 देऊ केले गेले आणि ‘परत घेतायत हेच खूप’ असे मानून त्यांनी ते स्वीकारले. त्यानंतर दर वर्षी इतरांना मिळे तीच टक्केवारी त्यांनाही मिळत गेली. सोयीसाठी आम्ही 8 टक्के धरले. 8 टक्क्यांच्या नऊ वेतनवाढींत रक्कम जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे 18,000 चे 36,000 होतात आणि 26,000 चे 52,000. पहिल्या दिवशीचा आठ हजारांचा फरक, मधल्या काळात कोणीही नवा अन्याय न करता, सोळा हजारांचा झाला. मेधाताईंनी तो हिशेब स्वतः दोनदा करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे मी नऊ वर्षं त्या एका मुलाखतीचाच दंड भरतेय.’ त्यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते स्त्रियांच्या श्रमाचा आणि कमाईचा दोन शतकांचा मागोवा घेतल्याबद्दल. पूर्वी शिक्षण आणि व्यवसाय यांतील फरकांवरून पगारातील तफावतीचा बराचसा उलगडा होत असे. आता तफावतीचा मोठा भाग एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांमध्ये आढळतो आणि तो मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तयार होतो, असे त्यांनी दाखवले. मेधाताईंना हे सांगण्यामागे माझा हेतू एवढाच होता, की जी गोष्ट त्या आपले वैयक्तिक अपयश समजत होत्या, ती जगभरच्या आकडेवारीत दिसते हे त्यांना कळावे.

घरच्यांचा विषय निघाला तेव्हा माझी अपेक्षा चुकली. पतीला हा प्रश्न फारसा उमगला नव्हता. ‘आपलं भागतंय ना, कशाला डोक्याला ताप,’ असे ते म्हणाले होते. सासूबाईंना मात्र तो लगेच उमगला. त्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि एकाच पदावरच्या दोन माणसांना वेगवेगळा पगार कसा असू शकतो, हेच त्यांना समजेना. त्यांच्या काळात वेतनश्रेणी छापलेली असे, कोणाची किती वर्षे झाली हे सर्वांना ठाऊक असे, आणि कोणाला किती मिळते हे विचारण्याची गरजच पडत नसे. ‘तुमच्या कंपनीत पगार लपवून का ठेवतात गं?’ असे त्यांनी सुनेला विचारले होते. खासगी नोकरीत पगार बंद पाकिटातला विषय असतो आणि नव्या माणसाचा पगार त्याच्या आधीच्या पगारावरून ठरतो. म्हणूनच एकदा मागे पडलेली व्यक्ती मागेच राहते. सरकारी शाळेत सगळे न्याय्य असते असे मी म्हणणार नाही, पण ही विशिष्ट तफावत छापील श्रेणीत फार काळ लपून राहू शकत नाही.

मग विचारायचे कसे, हा भाग आला. मी त्यांना माझ्यासमोर बोलून दाखवायला सांगितले : मी साहेब, आणि त्या त्यांच्यासमोर बसलेल्या. त्यांनी सुरुवात केली ती अशी : ‘सर, जमलं तर बघा ना... मुलीची फी वाढलीय, घरखर्चही फार झालाय.’ आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच त्या हसल्या, कारण साहेबांचे उत्तर त्यांना आधीच ऐकू येत होते : ‘बेन, तमने शुं टेन्शन, भाई कमाय छे ने!’ म्हणजे, तुम्हाला कसलं टेन्शन, नवरा कमावतोय ना! 

गरजेच्या आधारावर पगार मागणे आपल्याला शोभून दिसते, कारण त्यात हक्क बजावल्यासारखे वाटत नाही. पण ज्या क्षणी बाई घरखर्चाचे कारण पुढे करते, त्या क्षणी ती चर्चा आपल्या कामावरून नवऱ्याच्या कमाईवर नेऊन ठेवते, आणि तिथे ती हरणारच असते. पुरुषाला जास्त पगार देताना हेच कारण, तो घर चालवतो म्हणून, कितीतरी ठिकाणी न बोलता गृहीत धरलेले असते. तेव्हा घराचा उल्लेखच करायचा नाही, असे आम्ही ठरवले. स्वतःची थोरवी सांगायचीही गरज नाही. या पदाचे काम काय आहे, ते मी किती वर्षे करते आहे, आणि या पदासाठी कंपनीची वेतनमर्यादा, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त पगार, काय आहे, एवढेच विचारायचे. सहकाऱ्याच्या पावतीचा शब्दही काढायचा नाही. त्याने ती विश्वासाने दाखवली होती.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट सांगावीशी वाटते. ‘बायका मागतच नाहीत, म्हणून त्यांना मिळत नाही’ हे वाक्य प्रशिक्षण शिबिरांतून फार ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की जास्त पगार मागणाऱ्या स्त्रीबरोबर काम करायला लोक पुरुषापेक्षा अधिक नाखूश होतात. म्हणजे मेधाताईंना वाटणारी भीती केवळ मनाचा खेळ नव्हती. तिच्यामागे अनुभव होता. ती भीती घालवणे हे माझे काम नव्हते. तिच्यासह जे करायचे ते शांतपणे करता येईल अशी तयारी करून घेणे, हे होते. महिनाभर त्यांनी रोजच्या कामाची नोंद ठेवली : कोणत्या चाचण्या केल्या, कोणत्या अहवालांवर सही केली, कोणाला शिकवले, तपासणीसाठी आलेल्यांना कोण सामोरे गेले. ही नोंद साहेबांसाठी होती, पण तिचा पहिला उपयोग त्यांनाच झाला. अहवाल तीन-तीनदा तपासणे आपोआप थांबले.

याच नोंदीमुळे हिशेबातली एक गोष्टही दुरुस्त झाली. सहकारी रात्रपाळी करत असे. त्या कारखान्यात बायकांना रात्रपाळी दिली जात नव्हती. त्याच्या पगारातले तीन हजार रुपये त्या पाळीच्या भत्त्याचे होते. तेव्हा खरा फरक चौदा हजारांचा नसून अकरा हजारांचा होता. मेधाताईंची मुलगी क्रिकेटवेडी; तिने आईला ऐकवले होते की आता क्रिकेटमध्येही मुलींना सारखेच पैसे मिळतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन खरोखरच सारखे केले, कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख आणि टी-ट्वेंटीला 3 लाख. पण वार्षिक करारांच्या रकमांतले अंतर त्या निर्णयाने मिटले नाही. पगाराची तुलनाही अशीच भागाभागाने करावी लागते, नाहीतर समोरचा एका भत्त्याकडे बोट दाखवून सगळी मागणी मोडीत काढतो.

मी वकील नाही, तरी कायद्याची तोंडओळख समुपदेशनात उपयोगी पडते, कारण ‘मी उपकार मागते आहे’ ही भावना तिने कमी होते. राज्यघटनेच्या 39 व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून लिहिलेले आहे. 1976 पासून समान वेतनाचा स्वतंत्र कायदा होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली आहे. दोन्हींत काम अगदी तेच असले पाहिजे अशी अट नाही. समान स्वरूपाचे काम पुरेसे आहे, आणि ते ठरवताना कौशल्य, श्रम व जबाबदारी पाहिली जाते, नव्या संहितेत अनुभवही. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा यांच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा त्यांच्या कंपनीचे म्हणणे होते की स्त्री लघुलेखिका वरिष्ठांच्या गोपनीय कामासाठी नेमलेल्या असल्याने त्यांचे काम वेगळे आहे, आणि वेतन संघटनेशी झालेल्या करारानुसारच आहे. न्यायालयाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या नाहीत, आणि समान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबबही चालणार नाही असे सांगितले.

मेधाताईंना मात्र या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच तरतुदीने हायसे वाटले. ‘मी बोलले आणि त्याचाच पगार कमी केला तर?’ ही त्यांची भीती होती. त्या मुलाने नुकतेच कर्ज काढले होते. समानता आणण्यासाठी मालकाला कोणाचाही पगार कमी करता येत नाही, हे जुन्या कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. हे कळल्यावरच त्या पत्र लिहायला बसल्या.

वार्षिक मूल्यमापनाच्या आधी त्यांनी एका पानाचे पत्र दिले. पहिले उत्तर तोंडी आले : या पदाला ठरावीक वेतनमर्यादाच नाही. त्यांनी तेच लेखी मागितले. काही आठवडे काहीच घडले नाही. त्या काळात त्या दोनदा माझ्याकडे आल्या, एकदा रडल्या आणि एकदा नोकरी सोडण्याचा विचार घेऊन आल्या. एप्रिलमध्ये नेहमीच्या वाढीखेरीज 6,000 रुपयांची ‘वेतनदुरुस्ती’ मिळाली. कारण लिहिलेले नव्हते. साहेब काही दिवस तुटक वागले, मग पूर्ववत झाले. उरलेल्या पाच हजारांसाठी तक्रार करायची की पुढच्या मूल्यमापनात पुन्हा पत्र द्यायचे, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्यांनी पत्राचा मार्ग निवडला, आणि सोबतच दुसरीकडे अर्ज करायलाही सुरुवात केली. तिथल्या मुलाखतीत आधीचा पगार विचारला गेला, तेव्हा या पदाला तुमच्याकडे किती देता, असे त्यांनीच आधी विचारले.

प्रत्येकीने हेच करावे असे मी सुचवत नाही. एकटीच्या पगारावर घर चालणाऱ्या, नोकरी गेली तर पुढच्या महिन्याचे भाडे देता येणार नाही अशा बाईने गप्प राहण्याचा निर्णय घेतला, तर तो भित्रेपणा नाही. त्या परिस्थितीतला तो हिशेबी निर्णय असू शकतो, फक्त तो ‘माझी लायकीच तेवढी’ या समजुतीतून आलेला नसावा. काही खासगी शाळांतल्या शिक्षिका सांगतात तसे, जास्त रकमेवर सही करून कमी पैसे हाती घ्यावे लागत असतील, तर तो पत्राने सुटणारा प्रश्न नाही आणि समुपदेशकाच्या खोलीत तर नाहीच. अशा वेळी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगते. 1987 च्या कायद्यानुसार तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. वेतन संहितेनुसार दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, तेव्हा पगाराच्या पावत्या आणि बँकेची पासबुके तोवर जपून ठेवावीत.