युरेल पास (युरोपात रेल्वेने फिरायचा पास) असताना टीजीव्हीसाठी, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान गाडीसाठी, वेगळं आरक्षण लागतं का?

हो, लागतंच. पासात भाडं आलं, पण टीजीव्हीत सीट आरक्षित करावीच लागते आणि त्याचे पैसे वेगळे. पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्याच असतात, म्हणून तारीख पक्की झाली की लगेच घेऊन टाका. उइगो या स्वस्त गाड्यांत मात्र हा पास चालत नाही, तिकीट वेगळंच काढावं लागतं.

टीजीव्हीने पॅरिस-मार्सेय प्रवास कृपया दिवसा करा. साधारण ७५० किमी अंतर सव्वातीन तासांत! ताशी ३०० किमीच्या वेगाने शेतं, गावं मागे पडतात आणि आत बसून निवांत पुस्तक वाचता येतं. गाडी पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनातून सुटते. सुटायच्या २ मिनिटं आधी दारं बंद होतात, तेव्हा वेळेआधीच पोचा.