बॉस्टनला मोठ्या हिमवादळाचा इशारा आलाय आणि मुलगा तिकडे एकटा आहे. कितपत काळजी करायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण मध्ये दिवस थोडे आहेत. तुम्ही लिहिलंय की मुलगा ऑगस्टमध्ये बॉस्टनला शिकायला आला, ही त्याची पहिलीच थंडी. मंगळवारी मोठं वादळ येणार म्हणतात, त्याच्या फोनवर ‘विंटर स्टॉर्म वॉच’ आलाय, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी तीस इंचांचा जांभळा नकाशा टाकलाय. आणि मुलगा म्हणतो, इथली मुलं सांगतात की दर वेळी असाच गवगवा होतो आणि चार इंच पडून जातं.

काळजी करा, पण त्या तीसच्या आकड्याची नको. वादळ सुरू होईल त्या तासाला मुलगा कुठे असेल, याची करा.

मी बॉस्टनपासून तासाभरावर, वूस्टरच्या बाजूला राहते. मूळची ठाण्याची. घरामागे दोन फुटी चौकोनी फळी पांढऱ्या रंगाने रंगवून ठेवली आहे. हिवाळ्यात रोज सकाळी सातला तिच्यावरचा बर्फ इंचाच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजते, वितळवून त्यातलं पाणी मोजते आणि कोकोराझ नावाच्या स्वयंसेवकांच्या जाळ्याकडे आकडे पाठवते. फोर्ट कॉलिन्सला 1997 साली मोठा पूर आला, त्यानंतर 1998 मध्ये कोलोरॅडोत हे जाळं सुरू झालं. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण अशी वादळं येण्याआधीचे चार-पाच दिवस आम्ही हौशी लोक कसे काढतो ते सांगितलं तर तो नकाशा कसा वाचायचा हे तुम्हाला कळेल.

तो जांभळा नकाशा म्हणजे संगणकावर अंदाज काढणाऱ्या एका मॉडेलच्या एका फेरीचा निकाल. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, युरोपियन मॉडेलची फेरी निघते तेव्हा आमच्यातले काही जण रात्री एक-दीडपर्यंत जागे असतात. पाच दिवस आधी सकाळच्या फेरीत तीस इंच दिसतात, दुपारच्या फेरीत सगळं वादळ समुद्रात गेलेलं असतं. दोन्हींचे नकाशे निघतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो तीस इंचवाला. शिवाय असे नकाशे बहुतेकदा एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो असं धरून काढलेले असतात. प्रत्यक्षात किनाऱ्याजवळ बर्फ ओला आणि जड पडतो, पाच-सहा इंचच भरतो. आत थंडी कडक असली तर तेवढ्याच पाण्याचा पंधरा इंच भुसभुशीत बर्फ होतो.

बॉस्टनची अडचण समुद्राची आहे. ही वादळं किनाऱ्याला धरून वर सरकतात, त्यांना इथे नॉरईस्टर म्हणतात, कारण वारा ईशान्येकडून येतो. नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला, 40 अंश उत्तर आणि 70 अंश पश्चिम, हा बिंदू इथल्या प्रत्येक हवामानवेड्याला तोंडपाठ असतो. वादळाचं केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर बॉस्टनला भरपूर बर्फ. किनाऱ्याजवळून गेलं तर समुद्राची ऊब आत घुसते आणि शहरात नुसता पाऊस, आमच्याकडे मात्र बर्फ. दूरून गेलं तर कुणालाच फारसं काही नाही. आणि हे वादळ ज्यातून जन्माला येणार तो वरच्या हवेतला झोत पाच दिवस आधी अजून पॅसिफिकवर असतो, जिथे वरच्या हवेची मोजणी करणारे फुगे सोडायला जमीनच नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आला की फुग्यांचं मोजमाप मिळू लागतं आणि अंदाज जरा पक्का होतो. म्हणून आज तुम्हाला कुणी इंचांचा आकडा ठामपणे सांगत असेल तर ऐकू नका.

आता वॉच. आपल्याकडे हवामान विभागाचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा आणि रेड म्हणजे कृती करा. साधारण तसंच आहे. ‘वॉच’ म्हणजे मोठं वादळ होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे, तयारीला लागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे खात्री ऐंशी टक्क्यांच्या घरात गेली, वादळ आलं किंवा येतंय. ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’ आली तर त्यात बर्फ किती पडणार हा मुद्दाच नसतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. तीन तास किंवा जास्त वेळ ताशी 35 मैलांचा (म्हणजे 56 किलोमीटरचा) वारा आणि पाव मैलापलीकडचं काही न दिसणं, ही त्याची व्याख्या. चारशे मीटरसुद्धा दिसत नाही. त्यात बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या गल्लीत चुकतो.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येते. 1978 च्या फेब्रुवारीत इथे बॉस्टनलाच असंच झालं. सोमवार, 6 तारीख. अंदाज होता की पहाटेपासून बर्फ सुरू होईल. लोक उठले, बाहेर पाहिलं, काही नाही. अंदाज चुकला म्हणून सगळे कामाला गेले. सकाळ सरता सरता बर्फ सुरू झाला, दुपारी त्याने जोर धरला आणि सगळी ऑफिसं एकदम सुटली. रूट 128 या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलेली काही माणसं गाडीतच गेली, कारण धुराची नळी बर्फात बुजली आणि विषारी वायू आत आला. बॉस्टनला त्या वेळी 27.1 इंच पडला. पण तो आकडा घरात बसलेल्याला आणि 128 वर अडकलेल्याला सारखा नव्हता. अंदाज चुकला होता तो काही तासांनी, बस्स.

दक्षिणेकडचं अटलांटा घ्या. 28 जानेवारी 2014. पडला 2.6 इंच. माझ्या फळीवर तेवढा पडला तर मी चहा पिऊन मग मोजायला जाते. तिथे मात्र दुपारी शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकाच वेळी सुटली, रस्त्यांवर बर्फाची काच झाली आणि हजारो लोक रात्रभर महामार्गावर राहिले. मुलं शाळांमध्ये झोपली. वॉर्निंग पहाटे पावणेचारच्या सुमाराला निघाली होती, तोवर लोक झोपलेले, आणि सकाळी दिवस नेहमीसारखा सुरू झाला.

आणि न्यूयॉर्क राज्यातलं बफेलो, डिसेंबर 2022. तिथल्या हवामान कार्यालयाने काही दिवस आधीपासून अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं की असं वादळ पिढीतून एकदा येतं. अंदाज उत्तम होता. प्रवासबंदी लागू झाली 23 तारखेला सकाळी साडेनऊला, तेव्हा माणसं कामावर निघून गेली होती. एरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, 47 जण गेले, त्यातले काही आपल्या गाडीत, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या थंडगार घरात. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, कारण तिथे मोजणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

मी यात इतकी का गुंतते ते सांगते. 26 जुलै 2005 ला मी अंधेरीला नोकरी करत होते. दुपारी दोनला सगळे एकदमच निघालो. मी ठाण्याला घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी, कमरेएवढ्या पाण्यातून. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 73. वीस-पंचवीस किलोमीटरांचा फरक. दक्षिण मुंबईतल्या माझ्या मावशीला संध्याकाळपर्यंत खरंच वाटत नव्हतं की काही घडलंय.

हेच उलट्या बाजूने न्यूयॉर्कचं झालं. 26-27 जानेवारी 2015 ला शहरात वीस ते तीस इंच सांगितले होते, सबवे बंद केली, आणि सेंट्रल पार्कला 9.8 इंच पडला. लोक चिडले. न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीच्या हवामान कार्यालयाच्या प्रमुखांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली. पण त्याच वादळाने लाँग आयलंडला इस्लिपमध्ये दोन फूट आणि आमच्या वूस्टरला 34.5 इंच टाकला, इथला तेव्हाचा विक्रम. वादळ थोडं पूर्वेला सरकलं, इतकंच. मुलाला जे ‘दर वेळी काही होत नाही’ म्हणून सांगतात, ते वादळाच्या त्या कडेच्या पलीकडे उभे होते. मला त्या माफीबद्दल आदर वाटतो, पण खरं तर तिची गरज नव्हती असंच मी मानते.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचे नकाशे सोडा आणि नॉर्टनच्या सरकारी हवामान कार्यालयाचं पान उघडा. बॉस्टनचे इशारे तिथून निघतात. तिथे बर्फाचे तीन नकाशे असतात: अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. त्यातलं अंतर पाहा. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अठरा असेल तर त्यांना स्वतःलाच अजून खात्री नाही, आणि ते प्रामाणिकपणे तसं सांगतायत. ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा मजकूरही वाचायला सांगा त्याला. ड्यूटीवरचा माणूस त्यात लिहितो की कोणत्या मॉडेलवर किती भरवसा आहे आणि का. पूर्वी तो सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत यायचा, 2016 पासून साध्या अक्षरांत येतो, त्यामुळे वाचायला सोपा झालाय. वॉचची वॉर्निंग झाली की त्यात सुरू होण्याची वेळ दिलेली असते. त्या वेळेच्या तीन तास आधी त्याने खोलीवर असावं. बर्फ सुरू झाला नाही म्हणून बाहेर पडू नये. लॅबचं काम, मित्राकडचं जेवण, काहीही असो. ‘टी’ म्हणजे इथली मेट्रो चालू राहील या भरवशावरही राहू नये. 2015 च्या त्या मंगळवारी ती दिवसभर बंद होती.

किराणा आजच आणायला सांगा. वादळाच्या आदल्या संध्याकाळी इथल्या दुकानांत दूध, अंडी, ब्रेड संपलेले असतात. वीज गेली तर शिजवता येणार नाही, तेव्हा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, ब्रेड-पीनट बटर असं काही हाताशी असू दे. फोन आणि पॉवर बँक पूर्ण चार्ज.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः फोन करून विचारा, कारण मुलं याकडे लक्ष देत नाहीत. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि तो चालतो का? इथल्या पुष्कळ घरांत हीटरचा धूर भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीने जातो, जमिनीपासून फूट-दोन फुटांवर. बर्फ साचला की ती बुजते. 2005 साली याच राज्यात एका सात वर्षांच्या मुलीचा असा जीव गेला, त्यानंतर घरोघरी अलार्म सक्तीचा करणारा कायदा झाला. 2015 च्या वादळात पहाटे तीनला आमचा अलार्म वाजला. आम्हाला वाटलं बॅटरी गेली असेल. नवऱ्याने तरी खिडकी उघडली, आम्ही मुलीला उचलून बाहेर पडलो आणि अग्निशमन दलाला फोन केला. त्यांनी येऊन पाहिलं तर नळीवर साडेतीन फूट बर्फ होता. दिवसभर मी फळीवरचा आकडा मोजत होते आणि घराच्या दुसऱ्या बाजूची ती नळी माझ्या डोक्यातच आली नव्हती. आता मी प्रत्येक वादळात दर तीन तासांनी फावडं घेऊन तिथे जाते. मुलाच्या इमारतीत ती नळी कुठे निघते आणि साफ कोण करतं, हे त्याने घरमालकाला आजच विचारावं. अलार्म वाजला तर बॅटरी काढायची नाही, बाहेर पडायचं आणि 911 ला फोन करायचा. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून बसायचं नाही.

तो बॉस्टन शहरातच आहे की आजूबाजूच्या गावात, तेवढं खाली प्रतिसादात लिहा. उद्या पहाटेचं डिस्कशन आलं की त्या भागापुरतं काय म्हटलंय ते मी तुम्हाला मराठीत सांगते. तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल, म्हणजे संध्याकाळी त्याच्याशी बोलायच्या आधी तुमच्या हातात असेल.