थंड प्रदेशात काँक्रीट कधी टाकावं?

प्रश्न : आमच्याकडे वर्षातले पाच महिने बर्फ असतो. घरापुढे गाडी उभी करायला १२ सेंमी जाडीचं काँक्रीट टाकायचंय. बर्फ वितळला, ऊनही छान पडतंय, म्हणून मिस्त्री लगेच काम उरका म्हणतात. उरकावं का?

उत्तर : नको. वरचा बर्फ गेला तरी जमिनीच्या पोटातलं पाणी गोठलेलं असू शकतं. एका कोपऱ्यात हातभर खोल खणून बघा. पहार दगडावर आपटावी तशी उडाली किंवा ढेकळात बर्फाचे चकचकीत कण दिसले, तर थांबा. अशी जमीन वितळताना कुठे कमी, कुठे जास्त खचते आणि वरचं काँक्रीट तडकतं. वितळल्यावरही काही दिवस ती चिखलच असते. टाचेनं दाबून ठसा उठेनासा झाला की मगच खडीचा १५ सेंमी थर घालून धुम्मस करा.

टाकायच्या दिवशीच्या उन्हापेक्षा पुढच्या थंडीला किती आठवडे उरलेत, ते महत्त्वाचं. पहिल्या कडक थंडीच्या तारखेपासून उलटं मोजा: २८ दिवस ताकद भरायला आणि साधारण महिनाभर आतलं पाणी सुकायला. म्हणजे दोन महिने हाताशी हवेत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. छिद्रं पाण्यानं भरलेली असतील तर वरचे पापुद्रे सुटतात. म्हणून वसंताच्या अखेरीपासून उन्हाळा संपेपर्यंतचा काळ धरा. त्यातही दिवसा १० ते २० अंश असणारे आठवडे उत्तम. भर उन्हाळ्यात वाऱ्यानं पाणी झपाट्यानं उडून बारीक भेगा पडतात, तेव्हा काम सकाळी लवकर घ्या.

मालाची ऑर्डर देताना एअर-एन्ट्रेन्ड काँक्रीट मागा: २० मिमी खडीला सुमारे ६ टक्के हवा, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. हवेचे हे सूक्ष्म बुडबुडे फुगणाऱ्या पाण्याला जागा देतात. साइटवर ‘जरा पातळ करा’ म्हणून पाणी ओतू देऊ नका, सगळं मुसळ केरात जातं. पहिल्या हिवाळ्यात त्यावर मीठ टाकू नका, घसरू नये म्हणून वाळू पसरा.

प्रश्न : पायाचं काम लांबलं, आता थंडी तोंडावर आहे. थांबणं शक्य नाही.

उत्तर : मग खर्च वाढेल, पण जमतं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर पाणी तापवा. गरम पाणी आधी वाळू-खडीत घालून फिरवा, सिमेंट नंतर. ६० अंशांच्या वरचं पाणी थेट सिमेंटवर पडलं तर माल मिक्सरमध्येच गोळा होतो. ओतताना माल १३ अंशांच्या आसपास हवा. खड्ड्यातला, सळयांवरचा बर्फ आधी काढा.

ओतल्यावर लगेच जाड इन्सुलेशनचे ब्लँकेट घाला. कडा आणि कोपऱ्यांवर दुहेरी, कारण उष्णता तिथूनच आधी निसटते. थर्मामीटरही कोपऱ्यातच, ब्लँकेटखाली ठेवा. निदान ३ दिवस तिथे १० अंश टिकवा. ताकद ३.५ मेगापास्कल होण्याआधी काँक्रीट गोठता कामा नये. मंडप करून हीटर लावलात तर धूर बाहेर सोडा. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडनं कोवळा पृष्ठभाग भुसभुशीत होतो. काँक्रीट लवकर धरावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात, पण आत सळई असेल तर ते वापरू नका, सळई गंजते. क्लोराइड नसलेलं ॲक्सिलरेटर (लवकर धरायला लावणारं रसायन) घ्या. ब्लँकेट एकदम ओढू नका, हळूहळू थंड होऊ द्या.

प्रश्न : काल ओतलेल्या काँक्रीटवर सकाळी पिसांसारखी नक्षी दिसली. टणक तर लागतंय.

उत्तर : ती बर्फाच्या स्फटिकांची खूण आहे. नुसतं टणक लागण्यावर जाऊ नका, गोठलेला मालही टणकच लागतो. एका ठिकाणी गरम पाणी ओता, बर्फ सुटू द्या आणि खिळ्यानं ओरखडा. खिळा रुतला तर सिमेंट धरलेलंच नाही. धरण्याआधी गोठलेलं काँक्रीट निम्मी ताकद गमावू शकतं आणि नंतरच्या क्युरिंगनं ती पूर्ण भरून येत नाही. वजन पेलायचं असेल तर तो भाग फोडून नव्यानं ओता.