सोसायटीतल्या कडुलिंबाचा पाचोळा फार पडतो, झाड तोडायची परवानगी कशी मिळेल?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर रोज दोन पोती पाचोळा निघतोय, गच्चीवरचे पाइप तुंबतात, गाड्यांच्या काचांवर पानं चिकटतात आणि निम्मे सभासद झाड तोडा म्हणतायत.

परवानगी महापालिकेच्या उद्यान विभागात मागायची. झाडं जपण्याचा १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी वृक्ष प्राधिकरणाची, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीची, परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, त्याला हात लावणं आणखी अवघड. पण पाचोळा पडतो हे झाड तोडायचं कारणच नव्हे, हे मी स्पष्ट सांगते. कडुलिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो, पाच-सहा आठवड्यांत तांबूस पालवी येते आणि चैत्रात फुलतो. तुमचा त्रास वर्षातून तेवढाच. उरलेले साडेदहा महिने तो सावली देतो, ते कुणी मोजत नाही.

हे इतक्या तावातावाने लिहितेय, कारण आमच्याकडे हेच झालं.

नाशिकला आमच्या फाटकाशी कडुलिंब होता, इमारतीच्या आधीपासूनचा. माझ्या सासूबाई पाडव्याच्या दोन दिवस आधी त्याच्याखाली जुनी चादर अंथरून ठेवायच्या. सकाळी चादर फुलांनी पांढरी झालेली असायची. ती फुलं, कोवळी पानं, गूळ, जिरं, हिंग, चिंच आणि मीठ एकत्र वाटून त्या अख्ख्या मजल्यावर चमचा-चमचा वाटायच्या.

मग एका वर्षी पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले. त्या वेळचे सेक्रेटरी काका स्वच्छतेचे फार भोक्ते. माती दिसली की त्यांना चिखल दिसायचा. ठेकेदाराने बुंध्याला टेकवून सिमेंट ओतलं, बोटभरही जागा सोडली नाही. २०१३ साली पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ती बातमी छापून मी काकांना नेऊन दिली. ते म्हणाले, "ताई, ते दिल्लीचं झालं." झाडाची मुळं काय दिल्लीत वेगळी असतात? पाणी आणि हवा घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात, आणि तीच आपण झाकून टाकली.

त्यात शेकोटी. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, पहाटे वॉचमनमामा दोन स्वेटर घालून कुडकुडत असायचे. झाडलेला पाचोळा बुंध्याशी गोळा करून पेटवायचा असं ठरून गेलं होतं: कचराही जातो, ऊबही मिळते. मामांना मी कधी दोष दिला नाही. त्यांना केबिनमध्ये हीटर द्या असं मी दोन बैठकांत मांडलं होतं, दोन्ही वेळा वीजबिलावरून विषय संपला. धूर पहाटेच्या थंड हवेत वर जात नाही, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांशी घुटमळत राहतो. सासूबाईंचा खोकला त्या दिवसांत थांबायचा नाही.

आणि आमचा मोती. सोसायटीचाच कुत्रा, कुणा एकाचा नाही. थंडीत तो विझलेल्या राखेत ऊब घ्यायला जाऊन झोपायचा. एका पहाटे राखेखाली निखारे होते. त्याचं केकाटणं ऐकून मी गाऊनवरच खाली धावले. पुढच्या पंजाच्या गाद्या भाजल्या होत्या. नळाचं गार पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडलं, मग डॉक्टरांकडे नेलं. तीन आठवडे तो तीन पायांवर चालत होता.

त्या दिवशी मी काकांच्या दारात उभी राहून बोलले. म्हणाले, "पाचोळ्याचा एवढा पुळका असेल तर सगळा तुमच्या घरात नेऊन ठेवा."

बुंध्याची आगीकडची साल काळी पडली होती. सालीच्या लगेच आत जिवंत पातळ थर असतो, खोडाची जाडी त्यातूनच वाढते. तो भाजला की ती बाजू मेली. वर्षभरात तिथली साल फळीसारखी सुटून आली आणि आत मुंग्या लागल्या. पुढच्या जूनमध्ये वळवाच्या पावसात त्याच बाजूची मांडीएवढी फांदी दोन स्कूटरवर पडली. माणूस कुणी नव्हतं, देवाची कृपा. लगेच बैठक झाली, झाड धोकादायक ठरलं, रीतसर परवानगी आली आणि झाड गेलं. इतिवृत्तात कारण लिहिलंय: वादळी वारा. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. वारा दरवर्षी येत होता. आपण आधी मुळं कोंडली, मग बुंधा भाजला आणि शेवटी झाडालाच दोषी ठरवलं.

पुढच्या चैत्रात पश्चिमेच्या भिंती रात्री दहापर्यंत तापलेल्या असायच्या. मोती गाड्यांखाली जाऊन झोपायला लागला. सासूबाईंनी त्या पाडव्याला बाजारातून लिंबाची डहाळी आणवली, हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "याला फूल नाही गं."

मागच्या फाटकाशी दुसरा कडुलिंब आहे. त्याचा पाचोळा मी खरंच ताब्यात घेतला. कोंबड्यांची जाळी आणून तीन फूट रुंद गोल उभा केला. वीतभर पानं, वर शेणाचं पाणी किंवा आंबट ताक, पुन्हा पानं, असे थर. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, पावसाळ्यात वरून गोणपाट. नुसता लिंब कुजायला वेळ घेतो, म्हणून जास्वंद, पेरू, जे मिळेल त्याची पानं मिसळायची. फाल्गुनात भरलेली जाळी गणपतीपर्यंत निम्म्यावर येते, दिवाळीपर्यंत खाली काळं भुसभुशीत खत. थोडा पाचोळा तसाच कोरडा कुंड्यांत पसरते, मे महिन्यात रोजच्याऐवजी दिवसाआड पाणी पुरतं.

आषाढात पडलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन बिया सावलीत वाळवते. ५० ग्रॅम कुटलेल्या बिया फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून एक लिटर पाणी करायचं, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे ती कापसासारखी पांढरी कीड, दोन-तीन फवारण्यांत आटोक्यात येतो.

गच्चीच्या पाइपांच्या तोंडाला जाळी बसवा, माघ ते चैत्र दर रविवारी ती साफ करा. गाड्यांवर कव्हर घाला. एवढंच काम आहे.

एक मात्र राहिलं. तुमचं झाड खरंच कलत चाललं असेल, बुंध्याशी अळंब्या उगवल्या असतील किंवा खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर थांबू नका. उद्यान विभागाला बोलवून तपासून घ्या. तेव्हा माणसांचा जीव आधी. वरच्या जड फांद्या रीतसर हलक्या केल्या तर बऱ्याचदा अख्खं झाड जायची वेळ येत नाही. आणि पाचोळ्याची जाळी वापरलीत तर तिच्यावर लक्ष ठेवा, कुणीतरी सिगरेट टाकतंच.

सेक्रेटरी काका आता मुलाकडे राहायला गेलेत. गेल्या दिवाळीत भेटायला आले, तेव्हा खताची एक पिशवी त्यांच्या हातात दिली. घेतली, पण वाऱ्याने पडलं हे अजून सोडत नाहीत.

तुमच्या झाडाच्या बुंध्याचा फोटो टाका. सिमेंट कुठपर्यंत आलंय ते आधी बघू.