कुसुर, कसूर आणि कसर

प्रश्न असा आहे : "मुलीकडे बेलग्रेडला महिनाभर जाणार आहोत. तिथल्या हॉटेलांत उपयोगी पडतील असे चार सर्बियन शब्द सांगा. बिल दिल्यावर जे पैसे परत मिळतात त्यांना तिथे 'कुसुर' म्हणतात, असं मुलगी सांगते. तो आपला 'कसूर'च ना? एका व्याख्यानात तसं ऐकलं होतं."

नाही ताई, तो आपला कसूर नाही. व्याख्यात्यांनी चुकीचं सांगितलं आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितोच, पण आधी चार शब्द.

आत गेल्यावर 'दोबर दान' म्हणा. वेटर 'इझ्वोलिते' म्हणेल, म्हणजे 'बोला, काय देऊ?' मेनूकार्ड म्हणजे 'येलोव्निक', पाणी 'वोदा' (आपल्या उदकाचं नातलग), बिल हवं असेल तर 'राचुन, मोलिम'. 'चोर्बा' म्हणजे शोरबा, 'चुफ्ते' म्हणजे कोफ्ते, 'शेचेर' म्हणजे साखर, आणि 'काफाना' म्हणजे कहवाखाना, हे कुणालाही ओळखू येईल. तुर्कांनी तिथे शतकानुशतकं राज्य केलं, फारसी-अरबी शब्द त्यांच्याबरोबर गेले. पेला उंचावताना ते 'झिवेली' म्हणतात. हा मात्र तुर्कांनी नेलेला नाही, मूळचा स्लाव्ह शब्द आहे, आणि त्यातला 'झिव' म्हणजे आपला 'जीव'.

तुम्ही शाकाहारी असाल तर 'बेझ मेसा' म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. मेसो आणि मांस एकाच मुळातले. तिथे 'पोस्नो' असा आणखी एक शब्द ऐकू येईल. त्याचा अर्थ उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात, पण काही उपवासांना मासे चालतात. त्यामुळे पोस्नो म्हटल्यावर ताटात मासा येऊ शकतो. 'बेझ रिबे', मासे नकोत, हेही स्पष्ट सांगा.

आता कुसुर.

अरबीत दोन वेगळे धातू आहेत. एक क़ाफ-स्वाद-रे या तीन अक्षरांचा, त्याचा अर्थ आखूड असणं, कमी पडणं. त्यापासून 'क़ुसूर' झाला, म्हणजे उणेपणा, चूक. तोच आपला कसूर : कर्तव्यात कसूर. दुसरा काफ-सीन-रे, म्हणजे मोडणं. त्यापासून 'कस्र', मोडलेला तुकडा, गणितातला अपूर्णांक. तोच मराठीतली 'कसर'. या कस्रचं अनेकवचन 'कुसूर'. देवनागरीत क़ाफ आणि काफ, स्वाद आणि सीन यांत फरक उरत नाही, म्हणून दोन्ही कुसूर आपल्या डोळ्यांना एक दिसतात. तुर्कीत ते आजही वेगळे आहेत : 'कुसुर' म्हणजे दोष, आणि ओठ पुढे काढून म्हटलेला 'क्युसुर' म्हणजे शिल्लक, वरचे काही. 'युझ क्युसुर' म्हणजे शंभरावर काही. सर्बियनमध्ये तो तुर्की स्वर नाही, त्यामुळे दोघांचा उच्चार एक झाला. पण सर्बियातही 'स्तो इ कुसुर' म्हणजे शंभर आणि वर काही, इथे दोषाचा संबंध कुठे आहे? वेटरने परत दिलेले पैसे म्हणजे पूर्ण रकमेतले उरलेले तुकडे. अर्थ लख्ख आहे. उच्चार जुळला की व्युत्पत्ती जुळली, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी निदान एकदा अरबी अक्षरं बघावीत.

मला या शब्दाचा खरा आनंद वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण वाण्याला काय विचारतो? "पाचशेची मोड आहे का?" नोट आपण मोडतो आणि हातात येते ती मोड. अरबांनी कस्र म्हटलं ते मोडण्यावरून, आणि आपल्या माणसाने मोड म्हटलं तेही मोडण्यावरूनच, कुणाचं न ऐकता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) अपूर्णांकांच्या प्रकरणाचं नाव 'भिन्नपरिकर्माष्टक' आहे. भिन्न म्हणजे फुटलेलं. सर्बियन शाळकरी मुलगा अपूर्णांकाला 'राझ्लोमाक' म्हणतो, तो 'लोमिति' म्हणजे मोडणं यावरून. माझं तर ठाम मत आहे की पैसा आणि आकडा यांच्याकडे माणूस सगळीकडे भाकरीसारखाच बघतो : अख्खी असते, नाहीतर मोडलेली. 'काटकसर'ही मी याच घरातली मानतो. काट म्हणजे कापणं, कसर म्हणजे तुकडा. खर्चातून तुकडा तुकडा कापून बाजूला ठेवणं. तिला कसण्याशी, कसोटीशी जोडू नये. पैशाचा अर्थ मराठी कसरेत अजून जिवंत आहे. पुस्तपालन शिकलेल्यांनी 'व्यापारी कसर' आणि 'रोख कसर' लिहिलेली असते, म्हणजे रकमेतून सोडलेला तुकडा, सूट.

आणि इतका चांगला शब्द हाताशी असताना बातम्यांत रोज काय ऐकतो? "उमेदवाराने प्रचारात कोणतीही कसूर सोडली नाही." कसूर सोडत नाहीत हो! कसूर करतात किंवा करत नाहीत. कसर राहते, ठेवतात, भरून काढतात. "प्रचारात कसर ठेवली नाही" म्हणा, नाहीतर "कसूर केली नाही" म्हणा. 'कसर सोडली नाही' हे हिंदीतून उचललेलं आहे, आणि 'कसूर सोडली नाही' हे तर कुठल्याच भाषेतलं नाही. परवा एका निमंत्रणपत्रिकेवर "पाहुणचारात कसूर भरून काढू" असं छापलेलं पाहिलं. चूक भरून कशी काढणार? भरून काढायची असते ती तूट. मोल्सवर्थच्या कोशात कसर आणि कसूर या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्या उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

मी तिथे असताना एका काफान्यात बिल आठशे सत्तर दिनार झालं होतं. मी हजाराची नोट दिली. वेटरने शंभराची एक नोट आणि तीन नाणी बशीत ठेवली, बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "वाश कुसुर." तुमची मोड. तुम्हाला ती त्यालाच द्यायची असेल तर 'झाद्रझिते कुसुर' म्हणा, मोड ठेवून घ्या. त्या ठेवलेल्या पैशांना तिथे 'बाक्शिश' म्हणतात, म्हणजे बक्षीस. हा शब्द मात्र अगदी आपलाच आहे, त्यात काही शंका नको.