दम साथ देतो, टाच का नाही?

प्रश्न : वय ४६, फोंड्याला बँकेत बैठी नोकरी. पूर्वी रोज तासभर चालायचे, ते तीन वर्षे सुटले. चवथ झाल्यावर पुन्हा सुरुवात केली, पहिल्या दिवसापासून पाच किलोमीटर. दम लागला नाही, पण तिसऱ्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उतरून पाऊल टेकवले की उजव्या टाचेत कळ यायला लागली. गेल्या वर्षीही असेच होऊन चालणे सोडले. आता कायमचे सोडावे का?

उत्तर : मुळीच नको. दम दोन-तीन आठवड्यांत परत येऊ लागतो. टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळव्याचा जाड पडदा आणि टाचेमागची शीर मात्र कणखर व्हायला महिने घेतात. दम साथ देतो म्हणून आपण अंतर ओढतो आणि भार पडतो अजून तयार नसलेल्या जागी. रात्री हा पडदा आखडतो, पहिल्या पावलाला ताणला जातो, म्हणून कळ सकाळी.

अंथरुणातच सुरुवात करा. पाय मांडीवर घ्या, हाताने बोटे नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा. असे १० वेळा. मगच जमिनीवर पाऊल. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ टाचेची चप्पल घाला.

खरा उपाय पायरीवरचा. टॉवेलची गुंडाळी पायरीच्या कडेला ठेवून तिच्यावर बोटे टेकवा, टाच पायरीबाहेर मोकळी. आधाराला कठडा धरा. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, मग थोडे थांबून आणखी दोन फेऱ्या, एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमू लागले की फक्त दुखऱ्या पायावर. घाईघाईने वर-खाली केले तर उपयोग नाही, संथपणातच याचे औषध आहे. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात. बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडतात, तसे करू नका.

चालणे आठवड्यातून चार दिवस, १५ मिनिटे, सपाटीवर. फोंड्यात सपाट रस्ता शोधावा लागतो खरा, पण चढ पोटरी आणि टाच ओढतो. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. दुसऱ्या सकाळी कळ आदल्या दिवसाइतकीच असली तर पुढे जा, वाढली तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर या. बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढाच वेग. आठवड्याला १५० मिनिटे हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप. ते दोन महिन्यांनी गाठले तरी चालेल. टाच सुजली, मुंग्या आल्या किंवा बसल्या जागीही ठणकू लागली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वय ६२, पणजी. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. मिरामार ते करंझाळे वाळूत अनवाणी चालायला सुरुवात करायची आहे. पहाटे रिकाम्या पोटी जावे का? चहा परत आल्यावर आणि पेज दहाला असते.

उत्तर : अनवाणी नको, हे आधी. मधुमेहात तळव्याची जाणीव बोथट होऊ शकते; शिंपल्याची कड किंवा काच लागली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. बंद बूट, मोजे घाला आणि परतल्यावर तळवे उजेडात पाहा.

या गोळीने साखर खाली जाऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी मोजा. ९० च्या खाली असेल तर अर्धे केळे खाऊन निघा. खिशात ग्लुकोजची पूड हवीच. आपल्याकडच्या दमट हवेत घाम येणारच, त्यामुळे घामावरून काही कळत नाही; हात थरथरणे, धडधड, शब्द अडखळणे याकडे लक्ष द्या. तसे झाले तर थांबा, तीन-चार चहाचे चमचे पूड घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजा. छातीवर दाब आला तर चालत घरी जाऊ नका, तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.

वाळू निवडायची तर ओहोटीची ओली, घट्ट. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एक पाय सतत खाली पडतो. जाताना वाळू आणि येताना फुटपाथ असे केले तर त्याच एका पायावर ताण राहतो. त्याच पट्ट्यावरून परत या. पहिले दोन आठवडे वाळूत दहाच मिनिटे, बाकी फुटपाथवर.

प्रश्न : डिचोलीत जून लागला की चालणे बंद. ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून. काय करावे?

उत्तर : पावसात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तिथे व्यायाम नको. पडवीत किंवा घरातल्या कोरड्या जागी आठवड्यातून दोन दिवस २० मिनिटे द्या : हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, घरातल्या एका पायरीवर चढ-उतार पाच मिनिटे, हे सारे दोनदा. ऑक्टोबरात निम्म्या अंतरापासून सुरू करा. पावसाळ्यापूर्वीचे बूट घालण्याआधी तळवा वाकवून बघा : दमटपणाने डिंक सुटून तो पुढच्या बाजूने उकलतो.